घाटाच्या राजाचा निरोप : आंबेगाव-जुन्नरच्या बैलगाड्यांचा मागोवा

शर्यतीत नाव मिळवलेला बैल गेला की पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या गावांत त्याला घरच्या माणसासारखा निरोप दिला जातो. अंगावर झूल घालतात, शिंगांना हार बांधतात, कपाळाला भंडारा लावतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवून गावातून मिरवणूक निघते आणि मालकाच्याच शेतात खड्डा खणून, मीठ घालून त्याला पुरले जाते. काही घरांत दहाव्या दिवशी दशक्रिया विधी होतो, प्रवचन ठेवतात, पुरुष मुंडण करतात, पै-पाहुण्यांची पंगत बसते. चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर बैलाचे नाव, फोटो, त्याने गाजवलेल्या घाटांची यादी आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. हा सारा शोक एका खेळाडूसाठी असतो. त्या बैलाने गावाला यात्रेच्या दिवशी जे सुख दिले, ते ध्यानात घेतल्याशिवाय या शोकाचे वजन कळत नाही.

हा पट्टा म्हणजे आंबेगाव, जुन्नर आणि त्यांना लागून असलेले खेड, शिरूर हे तालुके. आंबेगावातल्या पारगाव तर्फे अवसरी बुद्रुकच्या शिवारात दत्तात्रयनगरला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा आहे. घोड, मीना आणि कुकडी या नद्यांवरच्या धरणांचे पाणी आले, तसा पूर्वेकडचा कोरडा भाग उसाचा झाला. नांगरटीला ट्रॅक्टर आला आणि शेतीतले बैलाचे काम घटत गेले. तरीही गोठ्यात बैल राहिला, कारण यात्रा राहिली.

या भागातले यात्रांचे दिवस मुख्यतः चैत्र-वैशाखाचे. रब्बीचे पीक घरात आलेले असते, हातात थोडा पैसा असतो, मुंबईला आणि पुण्याला गेलेली माणसे गावी येतात. पहाटे ग्रामदैवताला अभिषेक, दुपारी बैलगाडे, संध्याकाळी कुस्त्यांचा आखाडा, रात्री पालखी आणि तमाशा असा साधारण क्रम. तमाशाच्या बाबतीत नारायणगावाला पंढरीचा मान आहे. गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला तिथल्या राहुट्यांवर येतात. कुस्तीसाठी ओतूरच्या कपर्दिकेश्वराचे श्रावणी सोमवार प्रसिद्ध आहेत. गाड्यांसाठी मात्र आंबेगावच्या पूर्व टोकाला नागापूरजवळच्या थापलिंग गडाचे नाव आधी घ्यावे लागते. तिथे खंडोबाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते आणि गाडे नवसाचे पळतात. अमुक झाले तर देवापुढे गाडा पळवीन, असा तो नवस. पैसा किंवा नारळ बोलण्याऐवजी धाव बोलायची, ही रीत या मुलखाची खास म्हटली पाहिजे.

शर्यतीची जागा म्हणजे घाट. चढाची, दोन्ही बाजूंनी माणसांनी भरलेली सरळ धावपट्टी. गाडा म्हणजे हलका, दोन चाकांचा सांगाडा. त्याला पुढे दोन आणि मागे दोन असे चार बैल जुंपतात. चारही बैल एकाच मालकाचे असतील असे नाही. दोन घरांचे बैल एकत्र येऊन गाडा जुळतो आणि त्यातून सोयरिकीइतकी घट्ट नाती होतात. गाड्यापुढे एक घोडीस्वार दौडतो. जुंपणारे बैल धरून उभे असतात. निशाण पडते, बैल सुटतात, घोडीमागे चौघेही चढ चढून जातात. लाउडस्पीकरवरून निवेदक ‘भिर्रर्र’ म्हणतो तोवर सारे संपतही आलेले असते. एक बारी पंधरा सेकंदांच्या आसपास आटोपते. त्या तेवढ्या वेळासाठी वर्षभर पेंड, उडीद, दूध, अंडी खाऊ घातलेली असतात, मालिश केलेली असते, पहाटे फिरवलेले असते.

उत्तर पुण्याच्या या पद्धतीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि मृत बैलाचा एवढा मान कुठून येतो ते त्यांत सापडते.

पहिली गोष्ट अशी, की घाटात पळणाऱ्या गाड्यावर माणूस बसत नाही. सातारा-सांगलीकडच्या सपाट मैदानावरच्या शर्यतीत गाडी हाकणारा असतो. तिथे जोडीच्या नावाबरोबर त्याचेही नाव गाजते आणि जिंकण्याचे श्रेय वाटले जाते. घाटात गाडा सुटला की लगाम नाही, हाकणारा नाही. चढावर मन लावून पळायचे की मध्येच बावरून फुटायचे, हे बैलाचे बैल ठरवतो. म्हणून ‘घाटाचा राजा’ हा किताब ज्या गाड्याला मिळतो, त्याच्या बैलांची नावे पोरासोरांच्या तोंडी असतात. सर्जा, राजा, सोन्या, हरण्या, लक्ष्या अशी नावे पुन्हा पुन्हा येतात, तरी कोणता सोन्या कोणाचा आणि त्याने कोणत्या घाटात किती सेकंद घेतले, हे शौकिनांना पाठ असते.

दुसरी गोष्ट घड्याळाची. इथे दोन गाडे शेजारी शेजारी पळत नाहीत. एकामागून एक सुटतात आणि स्पर्धा सेकंदांशी असते. ठरलेल्या वेळेत पोचलेले सगळे गाडे पहिल्या नंबरात येतात, त्यानंतरचे दुसऱ्यात, आणि त्या त्या नंबराचे बक्षीस त्यांच्यात वाटले जाते. एकाने जिंकण्यासाठी दुसऱ्याने हरलेच पाहिजे, अशी सक्ती यात नाही. शेजारगावचा गाडा चांगला पळाला तरी टोप्या उडतात, उपरणी फिरतात, भंडारा उधळला जातो. ज्याच्या घरी एक शेळीही नाही, तो माणूसही त्या बारीत पूर्ण सामील असतो. या खेळातला सर्वात मोलाचा भाग हाच. बक्षिसाची रक्कम पुढे कितीही वाढली आणि बक्षिसात मोटरसायकल आली, तरी बहुतेक माणसे घाटावर आली ती आनंदासाठी.

जनावराला असा मान देणे या मुलखाला नवे नाही. जुन्नर तालुक्यातल्या आळ्यात रेड्याची समाधी आहे. पैठणच्या धर्मसभेत ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले, त्याने आळंदीच्या वाटेवर आळे इथे देह ठेवला आणि ज्ञानेश्वरांनीच त्याला समाधी दिली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. चैत्रात तिथे मोठी यात्रा भरते. भार वाहणाऱ्या एका जनावरापुढे माणसे पिढ्यानपिढ्या हात जोडत आली आहेत. शर्यतीच्या बैलाचा दशक्रिया विधी कुणाला अतिरेक वाटतो. पण आळ्याच्या पंचक्रोशीत वाढलेल्या माणसाला त्यात विचित्र वाटण्यासारखे काही नाही. भाद्रपदी पोळ्याला ज्याच्यापुढे पुरणपोळीचे ताट ठेवायचे, त्याला मेल्यावर ओढ्यात टाकून द्यायचे, हे इथल्या मनाला पटत नाही.

शोकाचा सर्वात लांबलेला काळ मात्र कुठल्या एका बैलाच्या मरणाचा नव्हता. तो शर्यतबंदीचा होता.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ११ जुलै २०११ रोजी अधिसूचना काढून बैलाचा समावेश अशा प्राण्यांच्या यादीत केला, ज्यांना खेळासाठी शिकवता किंवा लोकांसमोर सादर करता येत नाही. त्या यादीत वाघ, सिंह, अस्वल, माकड असे प्राणी होते. गोठ्यातला बैल त्यांच्या रांगेत कसा बसला, हे शेतकऱ्याला उमगले नाही. त्यानंतरची दोन-तीन वर्षे न्यायालयीन चढउताराची गेली. कधी शर्यत भरली, कधी थांबली. अखेर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूच्या प्रकरणात निकाल दिला आणि तमिळनाडूतल्या त्या खेळाबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीही बंद झाल्या. बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही आणि त्याला धावायला लावणे हीच क्रूरता आहे, असा त्या निकालाचा गाभा होता. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने सवलत देणारी अधिसूचना काढली, पण आठवड्याच्या आत तिला स्थगिती मिळाली.

प्राणिमित्रांच्या तक्रारी निराधार नव्हत्या. काही ठिकाणी बैलांना टोकदार आरीने टोचले जाई, शेपट्या पिरगाळल्या वा चावल्या जात, बॅटरीचा झटका दिला जाई, दारू पाजली जाई. असे करणारा गाडामालक आपल्याच बैलाचा गुन्हेगार होता, आणि मनापासून बैल सांभाळणाऱ्यांनी त्याला आधीच घाटाबाहेर काढायला हवे होते. ते झाले नाही, याची किंमत सगळ्यांनी मोजली. दुसऱ्या बाजूला, दावणीचा बैल मुलासारखा वाढवणाऱ्या हजारो घरांकडे पाहायला त्या वादात कुणाला सवड नव्हती, हेही खरे.

बंदीचा घाव बैलावर कसा बसला, ते त्याच्या वयावरून कळते. खोंड दोन दाती झाला की घाटाची ओळख करून देतात. चार दात, सहा दात, मग तो जुळतो आणि पुढची काही वर्षे त्याच्या ऐन धावेची असतात. धावण्याचे आयुष्य साधारण सात-आठ वर्षांचे. २०१४ ची बंदी २०२१ च्या शेवटापर्यंत टिकली. म्हणजे बंदीच्या सुरुवातीला जो खोंड होता, तो बंदी उठेपर्यंत उतारवयाला लागलेला होता. बैलांची एक अख्खी पिढी घाट न पाहता दावणीला म्हातारी झाली. जे आधी गाजले होते, ते पुन्हा न पळता गेले. त्या वर्षांत मेलेल्या बैलांच्या फ्लेक्सवरचे फोटो जुन्या यात्रांचे होते.

पैशाच्या अंगानेही हा काळ कठीण गेला. शर्यत थांबली तसे खिल्लार खोंडांचे भाव पडले. जुन्नर तालुक्यातल्या बेल्हे गावचा सोमवारचा बैलबाजार दूरवर माहीत असलेला. तिथली उलाढाल आणि चाकणच्या बाजारातली उलाढाल दोन्ही मंदावल्या. मार्च २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला. शेतात काम नाही, घाटात शर्यत नाही, बाजारात गिऱ्हाईक नाही, अशा बैलाला आयुष्यभर खाऊ घालणे छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते. तरी अनेकांनी घातले. ज्यांना जमले नाही, त्यांनी बैल विकले आणि नव्याने घेतले नाहीत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातला देशी गोवंश २०१२ च्या तुलनेत ६ टक्क्यांनी घटलेला दिसला. या घटीची कारणे अनेक आहेत, पण या भागातल्या गोठ्यांत विचारले तर बंदीचे नाव पहिले निघते.

यात्रा भरत राहिल्या. पालखी निघाली, तमाशा झाला, जिलेबीच्या पराती लागल्या. दुपार मात्र मोकळी राहिली. गाड्यांसाठी गावी येणारी माणसे येईनाशी झाली, जावयांचा मुक्काम एका दिवसावर आला, आणि छोट्या गावांत यात्रेची वर्गणी गोळा करताना कमिटीला दारोदार समजूत घालावी लागू लागली. घाटांवर गवत वाढले.

जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी तरुणांचा जमाव बसला आणि तमिळनाडूने कायदा बदलून घेतला. त्याची धग इकडेही पोचली. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणला बैलांसह आंदोलन झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. आता गाडे पळणार असे वाटत असतानाच ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी देण्यास मनाई केली. प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि चार वर्षे तिथे राहिले. त्या काळात शिरूर लोकसभा मतदारसंघातल्या निवडणुकीचा हा मोठा मुद्दा बनला. लांडेवाडीचे शिवाजीराव आढळराव पाटील आणि नारायणगावचे अमोल कोल्हे, दोघांनाही त्यावर बोलावे लागले. काही ठिकाणी बंदी झुगारून, पहाटे, शेतात चोरून शर्यती झाल्या आणि गुन्हे दाखल झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या झरे इथे गोपीचंद पडळकर यांनी बंदी मोडून घेतलेली शर्यत राज्यभर गाजली.

१६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि सी. टी. रविकुमार यांच्या खंडपीठाने महाराष्ट्राला सशर्त परवानगी दिली. इतर राज्यांत तसेच कायदे चालू असताना एकट्या महाराष्ट्राला अडवता येणार नाही, हा त्यामागचा विचार. मंचर, घोडेगाव, नारायणगावच्या चौकांत भंडारा उधळला गेला, पेढे वाटले गेले, बैलांना ओवाळले गेले. पहिली शर्यत १ जानेवारी २०२२ ला आढळरावांच्या लांडेवाडीत ठरली होती. गाडे येऊन पोचले, पण करोनाच्या नव्या लाटेमुळे ऐन वेळी परवानगी मागे घेतली गेली आणि माणसे रात्रीच परत फिरली. फेब्रुवारीत मात्र घाट खुले झाले. खेड तालुक्यातल्या निमगावच्या खंडोबाच्या घाटात खासदार कोल्हे यांनी गाड्यापुढे घोडी धरण्याचा दिलेला शब्द पाळला. त्या हंगामात घाटावर लहान मुले पहिल्यांदाच गाडा पाहत होती. आजोबा त्यांना खांद्यावर घेऊन ज्या बैलांची नावे सांगत होते, त्यांतले बरेच बैल आता नव्हते.

परवानगीबरोबर अटी आल्या. जिल्हाधिकाऱ्यांची लेखी मंजुरी, ५० हजार रुपयांची अनामत, धावेचे अंतर एक हजार मीटरपेक्षा जास्त नाही, पशुवैद्यकाने बैल तपासून दिलेला दाखला, सारी शर्यत चित्रित करण्याची सक्ती. काठी, चाबूक, आरी, विजेचा झटका यांना मनाई. क्रूरता झाल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. या अटी जाचक म्हणून कुरकुर झाली, पण त्या चांगल्या आहेत. थकलेला वा आजारी बैल घाटात उतरण्याआधीच बाजूला काढला, तर एक अकाली मरण टळते.

आनंदाला वर्ष पुरे होण्याआधीच दुसरे संकट आले. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात गोवंशाला लम्पी त्वचारोग झाल्याचे आढळले आणि बघता बघता तो राज्यभर पसरला. सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने जनावरांचे बाजार, वाहतूक आणि शर्यती थांबवल्या. अंगावर गाठी, ताप, पायाला सूज, चारा सुटलेला, अशा अवस्थेत उमदे बैल गोठ्यात बसून राहिले. शेळ्यांच्या देवीची लस टोचून साथ आवरली गेली. मृत बैलामागे २५ हजार रुपयांची मदत जाहीर झाली. शर्यतीच्या बैलाच्या बाजारभावापुढे ती किरकोळ होती. त्याहून जिव्हारी लागली ती पुरण्याची रीत. लम्पीने गेलेले जनावर फिरवायचे नाही, खोल खड्ड्यात चुना टाकून ताबडतोब पुरायचे, हा नियम शास्त्राला धरून होता. त्यामुळे त्या पावसाळ्यात कित्येक नामांकित बैल मिरवणुकीशिवाय गेले.

१८ मे २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले. २०१४ पासूनची डोक्यावरची टांगती तलवार दूर झाली.

खेळातल्या जनावरासाठी लोकांनी रडणे ही गोष्ट या मुलखापुरती नाही. १९३० च्या दशकातल्या महामंदीत ऑस्ट्रेलियातल्या बेकार, गांजलेल्या माणसांना फार लॅप नावाच्या घोड्याने हसायला कारण दिले. ५१ शर्यतींपैकी ३७ त्याने जिंकल्या, १९३० चा मेलबर्न कप त्यांतलाच. ५ एप्रिल १९३२ रोजी तो अमेरिकेत अचानक मेला आणि सारा देश शोकात बुडाला. त्याची कातडी मेलबर्नच्या संग्रहालयात, हृदय कॅनबेऱ्यात आणि सांगाडा त्याच्या जन्मभूमीत, न्यूझीलंडमध्ये जपून ठेवला आहे. इंग्लंडमध्ये रेड रम हा घोडा १९९५ मध्ये गेला, तेव्हा एन्ट्री इथल्या ज्या मैदानावर त्याने तीनदा ग्रँड नॅशनल जिंकली, तिथल्या अंतिम रेषेजवळच त्याला पुरले. तिथे या आठवणी संग्रहालये आणि क्लब सांभाळतात. आंबेगाव-जुन्नरमध्ये तो खर्च एक शेतकरी कुटुंब करते. बांधावर सिमेंटचा चौथरा, त्यावर बैलाचे नाव आणि तारीख, कुठे कुठे छोटा पुतळा.

बंदी उठल्यानंतर निरोपाचे रूप थोडे बदलले आहे. आता प्रत्येक बारी मोबाइलवर टिपली जाते, मोठ्या घाटांचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर होते. त्यामुळे बैल गेला की त्याच्या धावांच्या चित्रफिती काही तासांत तालुकाभर फिरतात आणि परगावचे गाडामालक अंत्यविधीला गाड्या करून येतात. बक्षिसे वाढली तशी बैलांची किंमतही लाखांत गेली आहे आणि हौसेने बैल पाळणाऱ्या लहान शेतकऱ्याला मोठ्या पैशापुढे टिकणे अवघड जात आहे. तरीही ज्यांची वर्षभराची कमाई उसाच्या एका तोडणीवर किंवा कांद्याच्या भावावर अवलंबून आहे, अशी घरे दावण रिकामी ठेवत नाहीत.

बैल गेल्यावर मागे राहिलेल्या तिघांना चौथा साथी शोधणे हे काम सर्वात वेळखाऊ असते. उंची जुळावी लागते, चाल जुळावी लागते, आणि एकमेकांचा वास व सवय झाल्याशिवाय बैल एका ओढीने पळत नाहीत. त्यासाठी मालक बेल्ह्याचा बाजार पाहतात, माणदेशातल्या खिल्लार पैदाशीकडे खेपा घालतात, कधी ओळखीच्या गोठ्यातला खोंड उसना आणून पाहतात. नवा खोंड बसायला एक हंगाम सहज जातो, आणि अनेक घरी त्याचे नाव गेलेल्या बैलाचेच ठेवतात.